अर्धी रेघ

ता. चामोर्शी, सोमवार

प्रिय दसरू,

शिमग्याच्या आधीची ती सकाळ मला अजून तशीच्या तशी आठवते. तू पडल्याचा तो तिसरा दिवस होता. अंधार फिटता फिटता मी आंघोळ केली, मारुतीला पाणी घातलं आणि चहा न घेताच दुकान उघडलं. तुझी गाडी आत उभी होती. तलावाच्या बांधावरून, त्या पाळीवरून, लोकांनी ढकलत आणून लावली होती तशीच, हँडल वाकलेलं, समोरच्या चाकाला कालव्याचा गाळ वाळून चिकटलेला. गावाने तोपर्यंत निकाल लावून टाकला होता. दसरूने सात वर्षांनी पुन्हा घेतली आणि नशेत पाळीवरून खाली गेला. त्या एका निकालावर पुढे तुझी तलावाची राखण गेली, आणि खांद्याजवळची मोडलेली हसळी घेऊन तू ब्रह्मपुरीला बहिणीकडे जाऊन बसलास. मी दार आतून लावून घेतलं आणि गाडीला हात घातला. तुझ्या चुकीने ती पडली की गाडीच्या, एवढंच मला पाहायचं होतं.

तू फोन उचलत नाहीस. त्याचा मला राग नाही. तुझ्या बहिणीला, गोकुळाबाईला लावला तर ती "तो निजला हाये" म्हणते आणि ठेवून देते. म्हणून लिहायला बसलो आहे. आपल्या गुरुजींनी हात धरून गिरवून घेतलेलं अक्षर आहे, तुला वाचायला त्रास होणार नाही.

आधी गाडीचं सांगतो, कारण गाडीच्या बाबतीत मी चाचपडत नाही. तीस वर्षं हेच करतो आहे. गाडी एका बाजूला ओढते म्हणून कोणी आलं, की मी पान्हा उचलायच्या आधी विचारतो, कधी ओढते? ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर ब्रेक पाहायचा, नाहीतर समोरचे शॉकअप. हँडल मधेच अडकल्यासारखं होत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या गळ्यातल्या गोळ्यांनी आपली जागा खाल्लेली असते. वळणावर मागचा भाग शेपटीसारखा हलत असेल तर मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश गेले. आणि यातलं काहीच नसताना, सरळ सडकेवर, नुसता हात सैल सोडला की गाडी गुपचूप एकाच अंगाला जात असेल, तर तिची दोन चाकं एका ओळीत नाहीत. बहुतेक लोक हवा भरून पाहतात आणि नशिबावर सोडतात. मी सोडत नाही.

तुझ्या गाडीचं वाकलेलं हँडल मी आधी सरळ केलं. पडल्यामुळे काय झालं आणि पडायच्या आधीच काय होतं, हे वेगळं केल्याशिवाय गाडी खरं सांगत नाही. मग हवा पाहिली, दोन्ही चाकांत बरोबर होती. समोरचं चाक उचलून हँडल बोटाने ढकललं, इकडून तिकडे लोण्यासारखं फिरलं. चिमटा धरून हिसडा दिला, हलला नाही. मग जाळ्याची नायलॉन दोरी घेतली, मागच्या चाकाला वेढा देऊन तिची दोन टोकं दोन्ही बाजूंनी समोरच्या चाकापर्यंत ताणली. दोरी आणि टायर यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी यायला पाहिजे. एका बाजूला माझी करंगळी गेली, दुसऱ्या बाजूला अंगठा. मागचं चाक तिरपं बसलं होतं. चेन ताणायच्या नटापाशी ज्या रेघा असतात ना, त्यांत एक बाजू दुसरीपेक्षा अर्धी रेघ मागे होती. आणि त्या नटावर शेंदूर तसाच होता, कुठे तडा नाही की पुसलेला नाही.

शेंदराचं तुला ठाऊक आहे. काम पुरं झालं की शेवटच्या नटावर मी मारुतीच्या शेंदराचं बोट लावतो. त्याचं नाव घेतल्यावर काम अर्धवट सोडायचं नाही, एवढाच त्यामागचा भाव. पण त्याचा दुसरा अर्थही होतो. शेंदूर शाबूत असेल तर माझ्यानंतर त्या नटाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नसतो. मी तिथेच जमिनीवर बसलो.

ती अर्धी रेघ चुकून राहिलेली नव्हती, दसरू. मीच मोजून ठेवली होती. आपल्या गावात मासोळीची पेटी गाडीच्या डाव्या बाजूला टांगतात, कारण उजवीकडे सायलेन्सर, आणि त्याच्या धगीने बर्फाचं पाणी होतं. तीस-पस्तीस किलोचं वजन एकाच अंगाला. गाडी दिवसभर डावीकडे ओढते आणि संध्याकाळी माणसाचा खांदा भरून येतो. म्हणून पेटीवाल्याची गाडी आली की मी मागचं चाक अर्धी रेघ तिरपं बसवतो, म्हणजे गाडी तेवढीच उजवीकडे जाऊ पाहते आणि दोन्ही मिळून सरळ चालते. हे मला कोणी शिकवलेलं नाही, माझं मीच काढलं. चामोर्शीचे मिस्त्री हसतात, पण नदीकाठच्या दहा गावांतले पेटीवाले माझ्याकडेच येतात. पौषात तुझ्या गाडीची चेन बदलली तेव्हा पेटी लावलेली होती. संक्रांतीनंतर मच्छीमार संस्थेने तुला तलावाची पूर्ण राखण दिली, तू मासोळी विकणं सोडलंस, पेटी काढलीस, तिचा लोखंडी सांगाडासुद्धा खोलून ठेवलास. पेटी गेली आणि माझी अर्धी रेघ तेवढी गाडीत राहून गेली.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, मग यात मनसारामची चूक काय? पेटी काढली ती मी. तसं नाही. तू आला होतास माझ्याकडे. पडायच्या आदल्या दिवशी. मी इसरूच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसलो होतो, आणखी पाच-सहा जण होते. तू गाडी उभी केलीस आणि म्हणालास, "मनसाराम, गाडी उजवीकडं वढून राह्यली गा. जरा पाहून दे ना." मी उठलो नाही. पेटी नाही हे दहा पावलांवरून दिसत होतं, पण मी गाडीकडे मान वळवून पाहिलंच नाही. म्हणालो, "गाडी माह्या हातची हाये, ते कायले वढन? तूच वढत असशीन. शिमगा जवळ आला न बाप्पा!" बाकावरचे सगळे हसले. इसरूने वरून फोडणी घातली, "मोहफूल पडाले लागले दसरूभाऊ, नुसत्या वासानंच चढली का काय?" तूसुद्धा हसलास. खांद्यावरच्या दुपट्ट्याने सीट पुसलीस आणि गेलास. माझ्या ग्लासात अर्धा चहा होता, तो मी सावकाश संपवला.

तू दारू सोडलीस तेव्हा साक्षीला मीच होतो. मार्कंड्याची जत्रा, महाशिवरात्र, वैनगंगेच्या पाण्यात गुडघाभर आत जाऊन तू ओंजळ भरलीस आणि माझ्याकडे पाहून म्हणालास, "तू आयकून राह्यला ना?" देवाने ऐकलं की नाही याची तुला चिंता नव्हती, मी ऐकावं अशी तुझी इच्छा होती. मी हो म्हणालो. त्यानंतरची तुझी सात वर्षं मी पाहिलेली आहेत. लग्नात, मयतीत, पोळ्याला, लोक ग्लास पुढे करून थकले. आणि अशा माणसाची मी सहा जणांपुढे थट्टा केली, का तर बसल्या जागेवरून उठायचा कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू कालव्याच्या मोरीजवळ पाळीवरून खाली गेलास. आम्ही धावलो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोक्याला मार होता, जीभ जड झाली होती, आणि तू एकच शब्द बोलत होतास, दुपट्टा, दुपट्टा. कोणीतरी हसलं, "पाहा, कसा बरळून राह्यला." मी तुझ्या तोंडाशी वाकलेलो होतो. तुझ्या तोंडाला वास नव्हता. हे मी आज लिहितो आहे, त्या दिवशी बोललो नाही. लोकांनी मला विचारलं, "मिस्त्री, गाडीत काई होतं का?" मी म्हणालो, "गाडीत काई नाई. दोन महिन्यांआधी मीच बांधली." झालं. गाडीत नाही म्हटल्यावर दोष माणसात, आणि कसला दोष ते आदल्या दिवशी टपरीवर मीच सांगून ठेवलेलं होतं.

त्या तिसऱ्या दिवशीच्या सकाळी, जमिनीवर बसल्या बसल्या, मला तुझ्या त्या शब्दाचा अर्थ लागला. मोरीजवळ वारा असतो. खांद्यावरून घसरणारा दुपट्टा सावरायला तू एक हात सोडलास आणि गाडी उजवीकडे निघाली. खात्री करायला मी गाडी मागच्या रस्त्याने काढली. वीस-पंचवीसच्या वेगात हात सैल केले, ती सरळ उजवीकडे गेली. परत आलो, दुकानातली एक जुनी पेटी डाव्या बाजूला बांधली, आत वाळू भरली, पुन्हा नेली. सुतासारखी चालली. शंका घ्यायला जागाच उरली नाही. तू शुद्धीत होतास, तू आधी सांगितलं होतंस, आणि गाडी माझ्या हाताने वाकडी होती.

त्या सकाळचं पुढचंही लिहितो. मी नट सैल केला, मागचं चाक दोरीत आणलं, नट कसला, जुना शेंदूर चिंधीने पुसला आणि नवीन लावला. इतक्यात इसरूने टपरीचं फळकूट उघडलं. "का मिस्त्री, भेटलं का काई?" मी म्हणालो, "काई नाई." एवढ्यावर थांबलो नाही. दोन-चार लोक जमले तेव्हा त्यांच्यासमोर गाडी सडकेवर नेली आणि दोन्ही हात सोडून दाखवले. गाडी नाकासमोर चालली. लोकांनी मान हलवली. संध्याकाळी संस्थेच्या लोकांनी तुझी राखण काढून घेतली. इतके दिवस तू हे समजत असशील की मनसारामला गाडीतलं कळलं नाही. मला त्याच सकाळी कळलं होतं. तीन महिने मी गप्प होतो.

का, ते विचारू नकोस असं म्हणणार होतो, पण तुला विचारायचा हक्क आहे. गिऱ्हाईक जाईल ही भीती नव्हती, पोटापुरतं मिळतं. "मनसारामनं बांधलेली गाडी" असं जे लोक म्हणतात, ते मला ऐकायला आवडतं. त्या तीन शब्दांपायी मी तुझी सात वर्षं जाऊ दिली. आज सांगू, उद्या सांगू, दसरू बरा होऊन आला की सांगू, असं करत चैत्र गेला, वैशाख गेला.

या काळातली गावाची खबर तुला कोणी दिली नसेल. तलावाला यंदा बऱ्यापैकी पाणी टिकलं आहे, खालच्या अंगाला कमळं वाढली. तुझ्या जागी पाळीपाळीने लोक राखणीला जातात आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो. मोठी मासोळी दोनदा चोरीला गेली. बापूजी, म्हणजे आपले अध्यक्ष, पंचाहत्तरीच्या वयात स्वतः काठी टेकत पाळीवर चक्कर मारून येतात. तुझ्या अंगणातल्या कवठाला फळं लागली होती, ती आमच्या हिने, तुझ्या वहिनीने, काढून ठेवली. आणि माझं म्हणशील तर त्या दिवसानंतर मी एकाही नटाला शेंदूर लावू शकलो नाही. बोट डबीकडे जायचं आणि परत यायचं. तुझ्या वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. एक दिवस म्हणाली, "डबीतला शेंदूर सुकून गेला. काम करून राह्यले का नुसती हवा भरून राह्यले?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, नाहीतर समजूत घालेल. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मले सांगून का होते? मी का संस्थेची अध्यक्ष हाओ?"

काल रविवारी संस्थेची सभा होती. आता काही दिवसांत तलावात मत्स्यबीज सोडायचं, त्याआधी कायमचा राखणदार नेमायचा, हाच विषय. एकदा दुसऱ्याचं नाव लिहिलं गेलं की तुझी जागा कायमची गेली असती. मी सकाळी तुझी गाडी काढली, मागचं चाक मोजून पुन्हा अर्धी रेघ तिरपं केलं, जसं पौषात केलं होतं तसं, आणि गाडी, पेटी दोन्ही घेऊन सभेला गेलो. बापूजींनी विषय वाचला तसा उभा राहिलो आणि म्हणालो, नाव लिहायच्या आधी सगळे बाहेर चला. इसरू कुरकुरला, "आता का सर्कस दाखवून राह्यला?" मी म्हणालो, "तूच चालव." तो बसला, थोडं पुढे जाऊन हात सैल केले, आणि गाडी उजवीकडच्या पळसाच्या झुडपांकडे निघाली. "अबे, अबे, हे तं मले घेऊन चालली!" पाय टेकत कसाबसा थांबला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी वाळू भरलेली पेटी डाव्या बाजूला टांगली आणि म्हटलं, आता चालव. गाडी सरळ गेली, सरळ आली. कोणी हसलं नाही.

मी सगळं बोललो. तू आदल्या दिवशी सांगायला आला होतास, मी उठलो नाही, पडलास तेव्हा तोंडाला वास नव्हता, तिसऱ्या दिवशी चाक सरळ करून मी सगळ्या गावाला फसवलं. निकेश, संस्थेचा सचिव, त्याच्या हातातला पेन तसाच राहिला. बापूजी गाडीपाशी आले. म्हणाले, "गाडीचं समजलं, मनसाराम. तू तीन महिने मुका काऊन होता?" मी म्हणालो, "भेत होतो." "कोणाले?" "मलेच." ते वळून निकेशला म्हणाले, "लिही. राखणदार दसरू. तो येईपर्यंत आपण पाळीपाळीनं जाऊ, अन् पहिली पाळी इसरूची." इसरू म्हणाला, "मी का केलं गा?" एक म्हातारी मागून बोलली, "तू हासला होता." मी त्या ठरावाखाली सही केली. आज सकाळी इसरू त्याची गाडी घेऊन चामोर्शीच्या मिस्त्रीकडे गेला, माझ्या दुकानासमोरूनच. जाऊ दे. तुझ्या गाडीचं चाक मी कालच दोरीत आणून ठेवलं आहे, आता ती पेटीविना सरळ चालते, हे मी हात सोडून सांगू शकतो.

वरचं सगळं काल रात्रीपर्यंत घरी लिहून झालं. पुढचं मी मंगळवारी, ब्रह्मपुरीत, गोकुळाबाईच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. पत्र पोस्टात टाकायचं नव्हतंच. तू पडलास त्या दिवशी बाईला फोन मीच केला होता आणि एवढंच म्हणालो होतो, "बाई, गाडी तं बरोबर होती." पुढचं तिने समजून घ्यावं म्हणूनच तसं म्हणालो होतो. गावात बोललो ते गावात मिटलं, पण या घरात ते वाक्य तसंच पडून होतं, आणि ते उचलायला मलाच यावं लागणार होतं. सकाळच्या बसने आलो. तू बाईच्या जावयासोबत धान भरडायला गेला होतास. बाईने पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. ती खाली बसली. मग म्हणाली, "मनसारामभाऊ, तो बाहेरून आला का मी पाण्याचा गिलास देत होती अन् त्याच्या तोंडाचा वास घेत होती. रोज. तो समजत होता, पण बोलत नव्हता." एवढं बोलून ती आत गेली. तू आल्यावर माझं तोंड पाहावंसं वाटलं नाही तर हे तुझ्या हाती असावं, म्हणून लिहून आणलं. पत्र मी तिच्याजवळ देतो आहे. जे सांगायला आलो होतो ते तिला सांगितलं आहे, दसरू. आता मी फाटकाशी उभा राहतो.

तुझाच,
मनसाराम